तीनला दहा कमी

आमच्या घरामागे छोटं अंगण, अंगणाला लागून मक्याचं कापणी झालेलं शेत आणि शेताच्या कडेनं रान. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावापासून गाडीनं अकरा मिनिटं. २००३ सालच्या शरदात त्या शेतात रोज तेरा रानटर्की दाणे टिपायला यायच्या आणि दिवस कलला की आमच्या कुंपणाजवळून रानात परतायच्या. तेरा म्हणजे तेराच. मी रोज मोजत असे. पुढे एक थोराड मादी आणि तिच्यामागे बाकीच्या एका ओळीत, माना पुढेमागे करत. माझी बायको म्हणायची, "हळदीकुंकवाला निघाल्यात बघा."

टर्की हा पक्षी भर दुपारी बघितला तर त्यात बघण्यासारखं काही नाही. काळपट, बोजड, कावळ्याच्या रंगाचं गाठोडं. पण आमच्या डाव्या हाताला डोंगराची लांब रांग आहे, आणि सूर्य त्या रांगेवर टेकायच्या आधी अठरा मिनिटं ऊन शेतावर आडवं पडतं. त्या अठरा मिनिटांत त्याच गाठोड्यातून तांबं, पितळ, हिरवं, जांभळं असं काय काय निघतं. पंखाच्या प्रत्येक पिसाला वेगळी कड दिसते. मी कारखान्यात मोजमापं तपासण्याचं काम करणारा माणूस. मला हे आवडलं, कारण ते रोज घडत होतं आणि मोजता येत होतं.

मी एक वही केली. तारीख, पक्षी कुंपणापाशी आले ती वेळ, किती होते, ऊन की ढग, भिंगाचं छिद्र, शटरचा वेग, फिल्मवरचा फ्रेम नंबर. कुंपण मागच्या दारापासून अठ्ठावीस पावलांवर. कॅमेरा फिल्मचा, लांब भिंगाचा, तिकाटण्यावर. ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत दोनशे चौदा स्लाइड्स झाल्या होत्या. बायकोनं एकदा विचारलं, "अहो, तुम्हाला पक्षी बघायचेत की वही भरायचीय?" मी म्हणालो, दोन्ही. ते खरं नव्हतं. मला फोटो हवा होता, एकच, आणि तो अण्णांसाठी.

अण्णा म्हणजे माझे सासरे. मिरजेच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ऑगस्टमध्ये ते सहा महिन्यांसाठी आले होते: तीन महिने आमच्याकडे आणि मग तीन महिने धाकट्या मुलीकडे, मॉरिसव्हिलला. सासूबाई आल्या नव्हत्या. विमानाला मी पाय लावणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं आणि विषय संपला होता. अण्णांनी एक मात्र केलं. मनगटावरचं चावीचं घड्याळ त्यांनी इकडच्या वेळेला लावलंच नाही. सहा महिने ते मिरजेच्याच वेळेवर चाललं. सकाळी चहा घेताना ते घड्याळ बघून म्हणायचे, "आता ती संध्याकाळचं फिरून आली असेल." आणि दिवस कलताना मागच्या दाराशी खुर्ची टाकून टर्कींची वाट बघताना म्हणायचे, "आता गाढ झोपलीय. पहाटेचे पावणेतीन झाले." मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचं एक खूळ.

तर मिरजेच्या घरात बैठकीच्या खोलीत खिडकीशेजारी एक भिंत आहे. तिथं अण्णांचं स्वतःचं एक जलरंगातलं चित्र होतं. ओल येऊन ते खराब झालं आणि काढावं लागलं. अण्णा आल्या आल्याच बोलले होते, "इकडचं काहीतरी एक नेणार आहे मी त्या जागेवर लावायला. विकतचं नको. तुमच्यापैकी कुणीतरी केलेलं." पहिल्यांदा टर्की बघितल्या त्या दिवशी ते पुन्हा म्हणाले, "यांचा एक चांगला फोटो निघाला, तर तोच नेईन."

ती भिंत मला हवी होती. स्पष्टच लिहितो.

दर आठवड्याला स्लाइड्स धुऊन आल्या की मी बैठकीत पडद्यावर दाखवायचो. अण्णा पुढे सरकून बघायचे, हनुवटीला हात लावून. "नीट आहे." पुढची. "हीही नीट आहे." पुढची. "एकदम स्वच्छ आलीय हो, जावईबापू." आणि त्यानंतर एक 'पण' हवेत राहायचा, जो ते बोलायचे नाहीत. शाळेत मुलांना बोलत असतील, जावयाला नाही. एकदाच म्हणाले, "सगळ्या बाजूनं बरोबर आहे. मुलं प्रमाणात काढतात ना चित्र, तसं." मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं नाही, पण ते मला पाठ आहे.

आता साडूबद्दल. मेहुणीचा नवरा माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याच्याशी माझं कधी भांडण झालेलं नाही. त्याच्याशी भांडता येत नाही, हीच तर अडचण. मी १९९१ साली रजेवर गेलो तेव्हा चार दिवस खर्च करून मिरजेच्या घराचा पाण्याचा पंप दुरुस्त केला होता. त्या पंपावर विनोद साडूनं केला. पंप आता बदलला, तो विनोद मात्र घरात अजून सांगतात. सासूबाईंबरोबर स्वयंपाकघरात फरशीवर बसून हा मटार सोलतो. आणि अण्णा मला लग्नापासून 'तुम्ही' म्हणतात, जावईबापू म्हणतात, माझ्यासाठी उठून उभे राहतात. त्याला 'अरे' म्हणतात. मान मला मिळतो, आणि उरलेलं सगळं त्याला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी तो आणि मेहुणी अण्णांना न्यायला आले. सोमवारी सकाळी निघणार होते. म्हणजे माझ्या हातात दोन दिवस. शनिवारी दुपारपासून आभाळ भरून आलं आणि टर्की आल्या त्या नुसत्या काळ्या. साडूनं खिशातून चकचकीत डिजिटल कॅमेरा काढला. उन्हाळ्यात घेतलेला, दहापट झूमचा.

"अरे, हे तर डायनॉसोर आहेत!" तो खिडकीतून ओरडला. "अण्णा, तुम्ही रोज बघता हे? आणि फोनवर नुसतं थंडी किती आहे ते सांगता?"

अण्णा हसले. "उद्या ऊन असेल तर बघ. एकच फोटो हवाय मला, भिंतीसाठी."

"उद्या काढू की! साडूभाऊ, किती वाजता येतात या बाया?"

मी वही पुढे केली. गेल्या सहा दिवसांच्या नोंदी: पाच वाजून सतरा, चोवीस, एकवीस, अठरा, बावीस, एकोणीस. मध्य धरला तर पाच वीस.

"बघा, याला म्हणतात माणूस," साडू म्हणाला. "आम्ही आपले येतील तेव्हा येतील. ठीक, पाचला बसतो मी कॅमेरा घेऊन."

आणि इथे मी ते केलं. किंवा केलं नाही. त्या रात्री हिवाळ्याच्या वेळेसाठी घड्याळं एक तास मागे करायची होती. अमेरिकेत त्या काळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते होत असे. आमच्या घरात गाडीचं धरून अकरा घड्याळं. ती दर वर्षी मी स्वतः, जेवण झाल्यावर, एका ठरलेल्या क्रमानं मागे करतो. त्या शनिवारीही केली. साडू सोफ्यावरून बघत होता. "सेकंद पण लावता का हो?" त्यानं विचारलं. मी लावतो.

टर्कींना घड्याळ नसतं. शनिवारी पाच वीसला येणारा पक्षी रविवारी चार वीसला येणार, हे मला ठाऊक होतं. ते मी बोललो नाही. वहीतला आकडा खोटा नव्हता. मी फक्त त्याखाली एक ओळ लिहिली नाही. झोपताना मी स्वतःला हेच सांगितलं की विचारलेल्या प्रश्नाचं मी खरं उत्तर दिलं आहे. हे सांगणं दोनतीनदा करावं लागलं.

रविवार लख्ख उजाडला. शिकारीचा हंगाम सुरू झाला होता, पण पेनसिल्व्हेनियात रविवारी बंदुकीला सुट्टी, त्यामुळे रान शांत होतं. दुपारी मसालेभात, कढी, वर श्रीखंड. साडूला तीन वाजता सोफ्यावर झोप लागली. त्याचा कॅमेरा टेबलावर होता. माझ्या हिशेबानं तो साडेचार-पावणेपाचला उठणार, चहा घेणार आणि पाचला बाहेर येऊन रिकामं शेत बघणार. मी चार वाजता बायकोला म्हणालो, "जरा मागची पानं गोळा करून येतो." बाजूच्या दारानं गॅरेजमध्ये गेलो, तिकाटणं आणि कॅमेरा घेतला आणि घराला वळसा घालून मागे आलो.

मागच्या दाराशी अण्णा खुर्चीवर बसले होते, शाल आणि कानटोपी घालून. त्यांच्या शेजारी एक बादली पालथी घातलेली, आणि बादलीवर साडू, केस विस्कटलेले.

"या, या साडूभाऊ!" तो हळू आवाजात म्हणाला. "पानं गोळा करायला ट्रायपॉड लागतो वाटतं तुमच्याकडे?"

"तू एवढ्या लवकर?" मी विचारलं.

"मी कसला उठतोय? अण्णांनी हलवून उठवलं. म्हणे तीनला दहा कमी असताना येतात, चल ऊठ. मला वाटलं पहाट झाली!"

अण्णांनी मनगट वर केलं. घड्याळात अडीच वाजून गेले होते. मिरजेत पहाटेचे अडीच. अमेरिकेतली अकरा घड्याळं मी रात्री मागे केली होती. बारावं माझ्या यादीत नव्हतं. ते कधी कुठल्या उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी पुढेमागे झालंच नव्हतं. सासूबाई झोपेत आहेत की उठल्या, एवढंच बघायला ते चालू होतं, आणि त्यात टर्की रोज तीनला दहा कमी असतानाच येत होत्या, कालही, आजही.

"पण वहीत तर पाच वीस होतं ना?" साडू म्हणाला. त्याच्या आवाजात काहीही नव्हतं, नुसतं कुतूहल.

"घड्याळ बदललं ना काल," मी म्हणालो. "लक्षातच नाही आलं माझ्या."

रात्री न बोलणं ही पळवाट होती. ही मात्र सरळ थाप. अण्णा माझ्याकडे वळले नाहीत. घड्याळाची चावी दोन वेळा फिरवली आणि शेताकडे बघत राहिले.

त्या आल्या. पुढे ती थोराड मादी, मागे बाराजणी. मी तिकाटणं लावलं, मोजमाप घेतलं: छिद्र पाच पूर्णांक सहा, वेग सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. कॅमेऱ्यात आदल्या आठवड्यातला रोल होता, छत्तीसपैकी तीस फ्रेम्स झालेल्या. निघताना मला नवा रोल भरता आला असता. पण मग सहा फ्रेम्स वाया गेल्या असत्या, आणि ते माझ्या हातून होत नाही. मी सहाच्या सहा काढल्या, एकेक नीट. आणि ऊन जेव्हा सगळ्यात खाली आलं, शेतातले मक्याचे खुंट केशरी झाले, तेव्हा माझा रोल संपला आणि कॅमेरा आपोआप तो उलटा गुंडाळायला लागला. घर्रर्र.

पुढची मादी थांबली. त्या आवाजाकडे तिनं मान वळवली. मग एक पाय मागे ताणून तिनं आमच्या बाजूचा पंख पूर्ण उघडला, झोपून उठलेलं माणूस आळस देतं तसा. पंखाच्या आतून ऊन आलं. तसा रंग मी त्या दोनशेवीस फ्रेम्समध्ये कधी बघितला नव्हता आणि पुढेही बघितला नाही.

"अण्णा, हात थरथरतोय हो," साडू पुटपुटला.

"ठेव इथं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी खांदा पुढे केला. साडूनं कॅमेरा त्यांच्या शालीवर टेकवला. टिक्. मी तिकाटण्यामागे उभा राहून रोल गुंडाळला जाण्याची वाट बघत होतो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी पंखाकडे कमी आणि त्या खांद्याकडे जास्त बघत होतो.

संध्याकाळी साडूनं कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. सत्तावीस फोटो. त्यात चार जमिनीचे, दोन अण्णांच्या कानाचे. अठराव्याला अण्णा खुर्चीतून उठले आणि टीव्हीजवळ गेले.

"हा."

"हलला थोडा," साडू म्हणाला. "शेपटीकडे बघा, धूसर आहे. साडूभाऊंच्या स्लाइड्स येऊ द्या ना, त्या शार्प असतील."

"असू दे धूसर. आता पंख मिटेल असं वाटतंय." अण्णांनी बोट पडद्यापासून वीतभर अंतरावर ठेवलं, शाळेत फळ्यापुढे धरत असतील तसं. "हाच नेणार."

मेहुणीनं टाळ्या वाजवल्या. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि चटकन चहाचे कप उचलले. मी म्हणालो, "खाली कोपऱ्यात वेळ छापली गेलीय." मला वाटलं, निदान तेवढं तरी नडेल. नारिंगी आकड्यांत तिथं लिहिलेलं होतं: ५:२२.

"ते बंद कसं करतात तेच मला सापडत नाही," साडू हसत म्हणाला.

कॅमेऱ्याचं घड्याळ त्यानं मागे केलं नव्हतं. मी तो आकडा बघत बसलो. फोटो चार बावीसला काढलेला. त्यावर माझ्या वहीची वेळ. पुन्हा एकदा मी गप्प बसलो.

सोमवारी ते गेले. माझ्या सहा स्लाइड्स दहा दिवसांनी आल्या. नीट होत्या.

पुढे तीन वर्षांनी, २००६च्या डिसेंबरात, मी आणि बायको मिरजेला गेलो. फोटो खिडकीशेजारी होता, लाकडी चौकटीत, त्या जलरंगाच्या जागी. मी बूट काढायच्या आधी तो बघितला. मनात होतं की मोठा केल्यावर फुटला असेल, रंग उडाले असतील. तसं काही नव्हतं. सकाळचं ऊन त्यावर येत नव्हतं, तरी खोलीत तेवढा एक चौकोन उजळ होता. मला तो अजिबात आवडू नये अशी माझी इच्छा होती, आणि चहा येईपर्यंत मी त्यासमोर उभा होतो.

दुपारी शेजारचे गृहस्थ आले, पोस्टातून निवृत्त झालेले. अण्णांनी माझी ओळख करून दिली आणि भिंतीकडे हात केला.

"हा फोटो धाकट्या जावयानं काढला. पण वेळ या मोठ्यांनी शोधून दिली. महिनाभर रोज नोंदी ठेवल्या यांनी. बघा, वहीत पाच वीस, आणि फोटोवर पाच बावीस! दोन मिनिटांचा फरक. जनावराची वेळ एवढी अचूक कोण सांगेल?"

"वा!" पोस्टाचे गृहस्थ म्हणाले आणि चष्मा सावरून आकडे बघायला गेले.

मी तीन वर्षं त्या भिंतीवर एक जागा मागत होतो. अण्णांनी ती दिली होती, पाहुण्यांसमोर, बहुधा दर पाहुण्यासमोर. आणि त्यांनी दिलेली जागा नेमकी त्या एका आकड्यावर होती, ज्याच्याबद्दल मी खोटं बोललो होतो. साडूच्या कौतुकानं मला जेवढं लागलं नसतं तेवढं या माझ्या कौतुकानं लागलं.

"पाच बावीस नव्हते," मी म्हणालो. "चार बावीस झाले होते."

"मग इथं पाच कसे?" पोस्टाच्या गृहस्थांनी विचारलं.

"आदल्या रात्री घड्याळं तासभर मागे झाली होती. कॅमेऱ्याचं राहिलं." आता थांबता आलं असतं. "अण्णा, मला ते माहीत होतं. मी त्याला मुद्दाम सांगितलं नाही. तो पाचला येईल आणि त्याला काही मिळणार नाही, असं माझ्या मनात होतं. लक्षात आलं नाही म्हणालो, ती थाप होती."

बायको दारात उभी होती. आत सासूबाईंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

अण्णांनी मनगट उचललं. तेच घड्याळ. थोडा वेळ त्याकडे बघून म्हणाले, "माझ्या घड्याळात तर तीनला आठच कमी होते."

"म्हणजे नक्की वाजले होते किती?" पोस्टाचे गृहस्थ म्हणाले. त्यांना वेळेचा घोळ सहन होत नसावा. अण्णा खो खो हसायला लागले, आणि हसता हसता माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली. "जावईबापू," ते म्हणाले, "अकरा घड्याळं लावलीत आणि बारावं विसरलात!" म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कदाचित त्या दुपारपासूनच. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं हो?" अण्णा म्हणाले, "काही नाही, टर्कींचं चाललंय."

रात्री अमेरिकेत फोन लावून साडूलाही सांगितलं. तो म्हणाला, "साडूभाऊ, यार, एवढं प्लॅनिंग? माझ्यासाठी?" त्याला आनंद झाल्यासारखा वाटला. आता घरात पंपाच्या विनोदाशेजारी हा दुसरा विनोद आहे, आणि तोही त्याच्याच नावावर.

फोटो अजून तिथेच आहे. निघायच्या दिवशी मी पुन्हा एकदा जवळ जाऊन मोजलं. उजव्या कडेला शेवटची टर्की चौकटीबाहेर राहिली आहे. त्या दिवशी शेतात तेरा होत्या. फोटोत बारा आहेत. हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.